ठसका

ब्याडगी तीन भाग, गुंटूर एक.
प्रमाण त्याचं, हात माझे,
फोनमधलं दुकान दोघांचं.
वडगावातल्या दोन खोल्या. भिंतीपलीकडं माग खडखडायचे
आणि अलीकडं आम्ही शिंकत, हसत
पाकिटांवर पत्ते चिकटवायचो.
कोथरूड, डोंबिवली,
परदेशी निघालेल्या कुणाच्या बॅगेसाठी पाव किलो.
"कर्नाटकातून पाठवता? मग मराठी कसं?"
असं एकानं विचारलं, तेव्हा परशरामनं उत्तर लिहिलं,
"तिखट खाऊन सांगा कुठल्या राज्यातलं आहे."

मग जुलैत त्याची छाती भरली.

नेहरूनगरचं हॉस्पिटल, चौथा मजला.
फॉर्म कन्नडात, बिल इंग्रजीत,
रडणं ज्याचं त्याच्या भाषेत.
डॉक्टर म्हणाले, नोडोण.
मी सासरी फोन केला, बघूया म्हणालेत.
दोन्ही शब्दांवर टिचकी मारून पाहिली.
आवाज तोच आला.

पुण्याच्या बाई विचारत होत्या,
गौरीच्या आधी मिळेल ना? मागच्यासारखंच लाल हवं.
काचेपलीकडं त्याच्या बोटाला चिमटा,
आकडा एकोणनव्वद, मग सत्त्याऐंशी.
मी लिहिलं, हो ताई, लाल तोच, काळजी नको.
"स्टॉक संपला"चं बटण
सबंध दुपार अंगठ्याखाली होतं.
दाबलं असतं. पण खाली काउंटरवर
सकाळी पुन्हा डिपॉझिट मागतात,
आणि तिथं तिखटाचेच पैसे मोजायचे होते.

रात्री दोनला एक तारा आला. एकच.
"उशीर. बेजबाबदार लोक."
मी लांबलचक उत्तर लिहिलं,
त्यात ऑक्सिजन लिहिला, सासऱ्यांची विकलेली मोटरसायकल लिहिली.
मग सगळं पुसलं.
"क्षमस्व. पुढच्या ऑर्डरला मेतकूट मोफत."
शेजारच्या बाकावरची बाई डब्याचं झाकण उघडत म्हणाली,
ऊटा आतेन, तंगी?
जेवण झालं नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी यादी दिली:
धूर नको, धूळ नको, उदबत्ती नको, फोडणीसुद्धा जपून.
घरी काय काम करता?
मी म्हटलं, ऑनलाइन.
ते खूश झाले. बरं झालं, म्हणाले,
त्यात धूळ नसते.

आता मी पहाटे चारला मल्लव्वाच्या परसात भाजते,
तीन गल्ल्या पलीकडं.
वारा आमच्या घराकडं वळला की चूल बंद.
मल्लव्वा भाडं घेत नाही, घाटु घेते,
डोळे पुसत, मला शिव्या देत.
कुरिअरचा बसू तिच्याच दारातून पोती उचलतो,
विचारतो, अण्णा आराम अदारेन्री?
आराम आहे, म्हणते मी. त्याच्या यंत्रात आमचा पिनकोड बदललेला नाही.

मग आंघोळ, साडी बदलायची, नखं घासायची,
तेव्हा कुठं घरात पाऊल.
आत त्याचं मशीन घरघरतं
आणि शेजारचा माग त्याला साथ देतो,
की उलटं, आता कळत नाही.

काल आले तर तो उशीला टेकून बसलेला,
नाक किंचित वर.
"धणे जास्त भाजलेस."
एवढं बोलला आणि ठसका लागला.
मी पाणी दिलं, पाठ चोळली,
चिमटा लावला, आकडा येईस्तोवर माझाच श्वास अडला.
ब्याण्णव.
मग मी चिडले. तीन गल्ल्या पलीकडं, तुला काय वास येतोय?
त्यानं बोट दाखवलं.
माझ्या केसांकडं.

उद्यापासून डोक्याला फडकं बांधीन.
धणे मात्र खरंच करपले होते,
सहा किलोचा घाणा, पाकिटं चिकटवून तयार.
मी ती फोडली नाहीत.
पुण्याच्या बाईंना कळवलं, आज निघेल, लाल तोच.
वासाचं काही लिहिलं नाही.